न सोडलेली गुंडाळी

“श्री. घालू की कै.?” छापखान्यातल्या जुळाऱ्यानं मान वर न करता विचारलं. त्याच्या काळ्या बोटांत शिशाचे खिळे होते आणि त्या खिळ्यांत वनमालाच्या नवऱ्याचं नाव होतं, उलटं. खिळे उलटेच असतात आणि छापले की सुलट होतात, एवढं तिला कळत होतं. तरी ‘सहदेव’ हे नाव असं पाठमोरं दिसल्यावर ती गोंधळली. तुळशीचं लग्न लागून गेलं होतं, पत्रिकांचा हंगाम सुरू झाला होता आणि मुलुंडच्या त्या बोळातल्या छापखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जुळाऱ्याला तिच्या संसाराशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त नावाआधीची जागा भरायची होती. शेजारी सुलक्षणा पत्रिकेवरच्या गणपतीचे नमुने चाळत होती, तिचा हात थांबला. आईकडे न बघता ती हळूच म्हणाली, “आई, सांग ना काहीतरी.” वनमालाला वाटलं, म्हणावं दोन्ही नको, नुसतं नाव घाल. पण मुलीच्या लग्नपत्रिकेत बापाचं नाव असं उघडंबोडकं कसं छापायचं? “उद्या सांगते,” ती म्हणाली आणि पायरी उतरली.

उद्या सांगते, हे ती बारा वर्षं सांगत आली होती. शाळेत बाईंना सांगितलं होतं, रेशनिंगच्या खिडकीशी सांगितलं होतं, हळदीकुंकवाच्या ताटाशी घुटमळणाऱ्या बायकांना तर न विचारताच सांगितलं होतं. कपाळावर भलंमोठं कुंकू लावून ती पुढे व्हायची आणि ताट धरणारीच कानकोंडी व्हायची. सहदेव भांडुपकडच्या एका लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात होता. भादव्यातल्या एका दुपारी दुसऱ्या पाळीला म्हणून डबा घेऊन निघाला. गिरणीत पोचला नाही आणि घरीही परतला नाही. घरात भांडण झालं नव्हतं, बाहेर कुणाशी वैर नव्हतं. चाळीनं मात्र हळूहळू सगळं शोधून काढलं. कुणी त्याला दुबईला पाठवलं, कुणी कांजूरच्या खाडीत बुडवलं, कुणी नालासोपाऱ्याला दुसरी बाई करून दिली. गोष्टी बदलायच्या, शेवटचं वाक्य तेच असायचं. बिचारीला सोडून गेला. वनमालाला त्यातल्या ‘बिचारी’चा राग यायचा नाही, ‘सोडून’चा यायचा.

पहिली दोनतीन वर्षं पोलीस चौकीतून शिपाई यायचा. बेवारस प्रेत आलंय, उंची जुळते, बघून घ्या. ती जायची. इस्पितळाच्या मागच्या बाजूला ती थंड खोली, औषधाचा वास, चादर वर करणारा माणूस आणि त्याचा कंटाळलेला चेहरा. ती वाकून बघायची आणि म्हणायची, “हे नव्हेत.” शिपाई लिहून घ्यायचा. बाहेर आल्यावर तिला चक्क भूक लागायची. कोपऱ्यावर उभी राहून ती गरम वडापाव खायची, वर चहा प्यायची, आणि आत कुणाचा तरी नवरा पालथा-उताणा होत पडलेला असताना आपल्याला एवढी चव कशी लागते याची तिला लाज वाटायची. पण लाज गिळायची आणि घरी येऊन सुलक्षणाला सांगायची, बाबा नव्हते. मुलगी तेव्हा सातआठ वर्षांची. ती टाळ्या वाजवायची. पुढे शिपाई यायचा बंद झाला, टाळ्याही बंद झाल्या. आता तीच मुलगी छापखान्यापासून घरापर्यंत दोन पावलं पुढे चालत होती, आणि चाळीच्या जिन्याशी एवढंच म्हणाली की घाटकोपरची मुलाकडची मंडळी चांगली आहेत, त्यांनी काही विचारलेलं नाही, पण लग्नात कन्यादानाला कोण बसणार हे तरी त्यांना कळायला पाहिजे. तिचं काही चुकत नव्हतं. वनमालाला ते दिसत होतं आणि म्हणूनच तिला त्या पोरीशी धड भांडता येईना.

घरात शिरल्या शिरल्या तिची नजर माळ्याकडे गेली. रोज जायचीच, आज जरा जास्त रेंगाळली. माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. डब्यात कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात ठेवलेली एक गुंडाळी होती, वर सुतळीचे गच्च आवळलेले फेरे. वर्षातून दोनदा ती पाला बदलायची, गुंडाळीला कसर लागली नाही ना ते वरवर बघायची आणि झाकण लावायची. त्यापुढे तिनं कधी काही केलं नव्हतं.

हे वेड मुळात सहदेवचंच. गिरणीच्या आवारात एक साग होता. त्याचं एक कोवळं पान तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या ओल्या लोकरीवर पडलं, वर दुसरा गठ्ठा पडला, आणि वाफेच्या नळाशी रात्रभर तसंच राहिलं. सकाळी कापड डागी म्हणून बाजूला काढलं गेलं. सहदेवनं बघितलं तर त्यावर पान होतं, शिरांसकट, लालसर जांभळं, लोकरीतच उगवलेलं. साहेब त्याला ओरडला, तो मात्र हरखला. लहानपणी गावाकडे सागाची कोवळी पानं तळहातावर चोळून हात लाल करायचे आणि आईला रक्त म्हणून दाखवायचं, ते त्याला आठवलं. तो डागी तुकडा त्यानं मागून घरी आणला आणि त्या दिवसापासून वनमालाच्या स्वयंपाकघरावर धाड पडली. तिचं मोदकपात्र गेलं, कारण वाफ द्यायला त्यासारखं भांडं नाही. तिचं लाटणं गेलं, कारण कापड कशावर तरी घट्ट गुंडाळायला हवं. पात्रात मावत नाही म्हणून त्यानं लाटण्याच्या दोन्ही मुठी करवतीनं कापल्या, तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तो आपला जमिनीवर ओली लोकर पसरून पानं मांडत बसायचा. पेरू, जांभूळ, बाभूळ, एरंड. पान गंजक्या खिळ्यांच्या पाण्यात बुचकळलं की कडा काळ्या उठतात, पालथं घातलं की शिरा नीट येतात. मधेच तो लोकरीचा एक धागा ओढून काडीनं पेटवायचा आणि तिच्या नाकाशी धरायचा. सूत जळलं की कागदाचा वास, लोकर जळली की माणसाचा, तो म्हणायचा. ती तोंड फिरवायची. “लोकर म्हणजे केसच गो,” तो हसायचा, “मेंढ्याचे झाले म्हणान काय झाला?”

सगळ्यात त्रासाचा भाग म्हणजे थांबणं. गुंडाळी वाफेतून काढली की वनमालाचे हात शिवशिवायचे, केव्हा एकदा सुतळी कापते आणि आत काय उठलंय ते बघते. तो हात धरायचा. लोकरीला घाई चालत नाही, गरम असताना ओढलीस की आटेल, गार होऊ दे, दिवस दोन दिवस मुरू दे, जितकी बांधलेली राहील तितका रंग आत जाईल. त्या भादव्यातल्या दुपारी त्यानं जेवायच्या आधी एक मोठा तुकडा पसरला होता, शालीएवढा. तिनं विचारलं कुणासाठी, तर म्हणाला, बघशील. आत कुठली पानं घातली ते तिला कळलं नाही, ती तेव्हा भाकऱ्या करत होती. नुसत्या पाठीवरून तिला दिसलं की तो गुडघ्यावर ओणवा होऊन गुंडाळतोय आणि सुतळी दातांत धरून आवळतोय. मग डबा घेऊन चपला घालता घालता त्यानं तिला बजावलं की संध्याकाळी तासभर वाफ दे आणि उतरवून ठेव. उंबऱ्यावरून वळून म्हणाला, “मी इल्याशिवाय सोडू नको हां.” तिनं वाफ दिली, उतरवून ठेवली, आणि सोडली नाही.

आधी तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. नवऱ्यानं सांगितलं, राहू द्यावं. मग महिने गेले आणि ते सांगणं वाढत वाढत घराएवढं झालं. सोडू नको म्हणजे गुंडाळी सोडू नको, हे उघड होतं. पण आशा पण सोडूच नये म्हणतात, हात पण सोडू नये म्हणतात. चाळ म्हणते सोडून गेला, आणि जाणारा तर उंबऱ्यात उभा राहून सोडू नको म्हणाला होता. जो टाकून जायला निघाला आहे तो शालीला वाफ द्यायला सांगेल? पोलिसांनी असल्या गोष्टी विचारल्या नाहीत आणि तिनं सांगितल्या नाहीत. तिचा सगळा पुरावा त्या डब्यात होता, तो ती कुणाला दाखवणार. मधल्या काळात गिरण्यांचा संप झाला, सहदेवची गिरणीही बंद पडली, पानं छापायची कला मात्र वनमालाच्या हातात राहिली. अंधेरीच्या सुगंधाबाई हिवाळ्यात तिच्याकडून शाली घेऊन प्रदर्शनात ठेवत. त्या वनमाला बांधायची, वाफवायची, गार करायची आणि कात्रीनं सुतळी कापून सोडायची. शेकडो सोडल्या असतील. प्रत्येक वेळी कात्री लावताना तिला माळ्यावरची ती एक आठवायची.

छापखान्यात जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी लवू आला. सहदेवचा धाकटा भाऊ, गावी असायचा. लग्नाच्या तयारीला म्हणून आला खरा, पण बरोबर गुरुजींना घेऊन आला तेव्हाच तिला कळलं. लवू पाणी प्याला, वाटीतला गुळाचा खडा त्यानं बोटानं उगाच फिरवला. “वयनी, आता पुरे झाला,” तो म्हणाला. “दादाक असोच भटकत ठेवूचो नाय.” बारा वर्षं झाली की हरवलेल्या माणसाचं करावं लागतं, ते केलं की त्याला गती मिळते, पत्रिकेत काय घालायचं हा प्रश्न मिटतो, आणि सोडून गेला असं पुन्हा कुणाला म्हणता येणार नाही, हे सगळं त्यानं खाली मान घालून सांगितलं. शेवटचं त्यानं मुद्दाम सांगितलं असावं. वनमालाला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याच्या पिकलेल्या कल्ल्यांची दयाही आली, कारण ते कल्ले अगदी सहदेवचे होते. गुरुजी सालस होते. येत्या अवसेला पालाशविधी करू म्हणाले. देह नाही, म्हणून देह करायचा. पळसाच्या देठांची हाडं, नारळाचं डोकं, वर जवाच्या पिठाचा लेप. देठ बांधायला लोकरीचा धागा लागतो, सुती चालत नाही, शास्त्रात लोकरच सांगितली आहे. तो तेवढा मिळेल का, हल्ली शुद्ध लोकर कुठं मिळते.

वनमालानं मान वर केली. पान आणि लोकर. तिला वाटलं, कुणीतरी आपली चेष्टा करतंय. मग ती म्हणाली, मिळेल. आणि मग तिनं ते विचारलं जे बारा वर्षांत तिनं कुणापुढे उच्चारलं नव्हतं. सगळं केलं आणि हे परत आले तर? लवूनं बाहेर बघितलं. गुरुजी मात्र गडबडले नाहीत. त्याचीही सोय आहे म्हणाले, तुपानं न्हाऊ घालायचं, नव्यानं जन्मला असं धरायचं, बारशापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे, आणि लग्नही पुन्हा, त्याच बायकोशी. सुलक्षणा दारात उभी राहून ऐकत होती, तिला हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले. वनमालाच्या डोळ्यांपुढे तुपानं माखलेला, पाळण्यात न मावणारा सहदेव उभा राहिला, मिशीसकट. तिलाही हसू आलं. त्या हसण्यातच कधीतरी तिनं मान हलवली असावी, कारण लवूनं सुस्कारा टाकला आणि हळूच म्हणाला की पळस तेवढा तूच आण, तुका झाडां म्हायत आसत.

झाडं तिला माहीत होतीच. मुलुंडच्या पाठीमागच्या डोंगरात ती वर्षानुवर्षं पानं गोळा करत फिरली होती. कुठला साग आधी पालवतो, कुठल्या जांभळीची पानं रंग धरतात, सगळं तिच्या पायांना ठाऊक होतं. पळसाकडे तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं. पळसाचं फूल रंग देतं, पान काही देत नाही, असं सहदेव म्हणायचा. जाड, कातडीसारखं पान, कितीही वाफ द्या, लोकरीवर छाप म्हणून उठत नाही. आता त्याच पानांचा सहदेव करायचा होता. सकाळच्या कोवळ्या उन्हात ती देठासकट पानं खुडत राहिली, तीन तीन पानांचे झुपके, पिशवीत टाकताना खरखर वाजायचे. तिचे हात सवयीनं पान उलटं करून शिरा बघायचे आणि मग तिला आठवायचं की हे छापायचं नाही, जाळायचं आहे. एकदा तिनं एक पान गालाला लावून बघितलं. ते गार होतं, बाकी काही नाही. खाली सगळं मुलुंड पसरलेलं होतं, कौलं, गच्च्या, गच्च्यांवर नव्यानं उगवलेले टीव्हीचे काटे. इतक्या घरांपैकी एका घरात तो जेवत बसलेला असेल तर, असं तिला अजूनही वाटू शकत होतं. उद्यानंतर तसं वाटण्याचा हक्क राहणार नव्हता, आणि तिला खरं दुःख त्याचंच होतं. कुंकवाचं नव्हतं. ती तिथल्या दगडावर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

अवसेला ती स्मशानात गेली. बायका जात नाहीत, लवूनं एकदा सांगून बघितलं. ती तशीच पुढे चालत राहिली, तेव्हा त्यानं तिच्यासाठी छत्रीची सावली धरली. सुलक्षणाही आली. दर्भावर गुरुजींनी पळसाचे देठ मांडले, हात, पाय, बरगड्या. लवू धाकटा भाऊ, पण आज कर्ता तोच होता. तो वनमालानं आणलेल्या लोकरीच्या धाग्यानं एकेक गाठ मारत गेला, आणि त्याला नीट जमेना तेव्हा ती पुढे होऊन बसली. गुरुजींनी हरकत घेतली नाही. तिची बोटं सवयीनं आवळत गेली. पान, धागा, पान, धागा. नारळ ठेवला, पीठ थापलं, आणि जमिनीवर एक माणूस झाला, ठेंगणा, हिरवा, कुणाचाच नसलेला. वनमाला त्याच्याकडे इस्पितळात बघायची तशी वाकून बघत होती. तिला रडू येत नव्हतं. लवू हुंदके देत होता, सुलक्षणा देत होती, आणि तिच्या मनात आपलं एकच, हे नव्हेत. मग तिनं पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, कडुनिंबाचा पाला झटकला आणि ती गुंडाळी त्या हिरव्या छातीवर ठेवली. गुरुजी थांबले. यात काय आहे, त्यांनी विचारलं, सोडून बघायला हवं.

“सोडायची नाही,” वनमाला म्हणाली. “ती त्यांनी बांधलीय.”

गुरुजींनी लवूकडे बघितलं, लवूनं हात जोडले. गुरुजी पुढच्या मंत्राकडे वळले.

अग्नी दिला. पानं ओली होती, आधी नुसता धूर झाला, मग तडतडत पेटली. वास आला तो पाल्याचा. कोकणात पावसाआधी शेतं भाजतात तेव्हा येतो तसा, ओळखीचा आणि जरासा सुखाचासुद्धा. हात गेले, पाय गेले, नारळ फुटला. गुंडाळी तशीच होती. लोकर लवकर पेट घेत नाही, तिला ठाऊक होतं. तिनं डोळे बारीक करून बघितलं तेव्हा वरची सुतळी लाल झालेली दिसली, तारेसारखी, फेऱ्यामागून फेरा, आणि मग ती तुटली. गुंडाळी आपोआप सैल झाली. एक पदर घरंगळून उलगडला आणि त्यावर साग होता. भलंमोठं पान, एकेका शिरेसकट, इतकं गडद लाल की तिच्या एवढ्या वर्षांच्या हातून एकदाही तसं उठलं नव्हतं. बारा वर्षं मुरलेलं. त्याच्या शेजारी दुसरं होतं, ते अर्धंच दिसलं. तिनं सोडली नव्हती. ती मनात हे दोनदा म्हणाली, मी नाही सोडली. मग कडा काळ्या पडल्या, लोकर चुरचुरत आत वळली आणि वारा त्यांच्या बाजूला फिरला. पाल्याचा वास कुठच्या कुठे गेला. केसांचा वास आला, जळणाऱ्या माणसाचा. सुलक्षणानं नाकाला पदर लावला. वनमालानं लावला नाही, उलट तिनं तो श्वास छाती भरून आत घेतला आणि ती आगीकडे एक पाऊल पुढे गेली. लवूनं तिला धरलं. “वयनी,” तो म्हणाला, “धुराक लागू नको, मागे हो.”

तिनं मान हलवली. आगीवरून नजर न काढता ती म्हणाली, “हेच ते.”